धापोड्यांचं ऊन आणि पांढरी गोळी

तिसऱ्या दिवशी ज्वारीला वास सुटतो. पहिल्या दिवशी ती नुसती ओली असते, दुसऱ्या दिवशी फुगते, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माय पातेल्यावरचं फडकं बाजूला सारते तेव्हा थोडा ताकासारखा, थोडा ओल्या गोणपाटासारखा आंबूस वास न्हाणीपासून ओसरीपर्यंत येऊन बसतो. मग कॅलेंडर बघावं लागत नाही. होळी होऊन गेलेली असते, उन्हाला धार आलेली असते आणि धापोड्यांचे दिवस सुरू झालेले असतात. ज्वारीच्या पापडांना आमच्याकडे धापोडे म्हणतात. भिजवलेली ज्वारी दळायची, गाळायची, तीळ-जिरं-लसूण-मिरची घालून तिचा घाटा शिजवायचा आणि तो ओल्या कापडावर हातानं थापत जायचं. हे काम एकटीचं नाही. आज एकीच्या गच्चीवर, उद्या दुसरीच्या, अशी आमच्या गल्लीतल्या बायकांची पाळी ठरलेली असते. ज्या घरात त्या वर्षी कुणी आजारी असेल किंवा मयत झालेली असेल, त्या घरचं वाळवण होत नाही. मग प्रत्येक गच्चीवरून त्या घरी एकेक ताट जातं. कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही.

परवा सकाळी तो वास आला तेव्हा मी भाकरीचा तुकडा खाऊन माझी गोळी घेत होते. घड्याळाच्या कोनाड्यात तिची पट्टी असते, किल्ल्या आणि सेफ्टी पिनांच्या शेजारी. पांढरी, गोल, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा जरा मोठी. घोटभर पाणी, संपलं. मायनं स्वयंपाकघरातून विचारलं, "घेतली का व?" मी म्हटलं, "हाव." आमच्या घरात हा प्रश्न आता "दार लावलं का" इतका साधा झाला आहे.

दोन वर्षांपूर्वी हाच वास घरभर पसरला होता. मला तो आला नव्हता.

*

आमचं गाव जानेफळच्या वाटेवर. बाबांचा छापखाना जानेफळला, एका खोलीचा. पोट भरायचं ते लग्नपत्रिकांवर. पण लग्नसराई संपली की उरलेल्या कागदावर बाबा स्वतःची पत्रकं छापत. अंगातलं भूत उतरवणाऱ्या बुवाच्या विरोधात, हुंड्याच्या विरोधात, विहिरीवरच्या भेदाच्या विरोधात. उरलेला कागद पत्रिकांचा, म्हणून आमच्या घरची क्रांती गुलाबी नाहीतर पिवळ्या रंगात यायची. मी अक्षरं त्याच कागदांवर गिरवली. इतर मुलांना परीकथा पाठ होत्या, मला मागण्या पाठ होत्या. पत्रकाची बांधणी माझ्या हाडात बसली: आधी अन्याय, मग कारण, मग दोषी कोण, मग मागणी, आणि शेवटी एकजूट. जगातली कुठलीही गोष्ट या पाच पायऱ्यांत बसते, असं मला फार वर्षं वाटत होतं.

बाबांचा एक नियम होता. मी चौथीत असताना पाण्याच्या प्रश्नावरच्या सभेचं पत्रक निघालं आणि त्यात गुरुवारऐवजी बुधवार छापला गेला. पत्रकं वाटून झाली होती. बाबांनी सायकल काढली, मला मागे बसवलं, माझ्या हातात शाईचा पेन दिला आणि आम्ही प्रत्येक दारात परत गेलो. एका घरी पत्रक लोणच्याच्या बरणीखाली गेलं होतं, दुसऱ्या घरी त्याची होडी झाली होती. जिथं मिळालं तिथं मी वार खोडून नवा लिहिला, नाही मिळालं तिथं बाबांनी तोंडानं सांगितलं. दुपारभर उन्हात फिरून मी रडकुंडीला आले. म्हटलं, "बाबा, आता घरी जाऊ ना." बाबा म्हणाले, "छापलेली चूक घरी बसून दुरुस्त होत नाही, बेटा. ज्या दारात दिली, त्या दारात जावं लागते."

माझं पहिलं पत्रक मी बाविसाव्या वर्षी लिहिलं. त्याचं नाव होतं, 'गोळी नको, न्याय द्या'. त्याला निमित्त होतं. शेजारच्या गावात एका बाईला नवरा मारायचा. तिनं तक्रार करू नये, आरडाओरडा करू नये म्हणून सासरच्यांनी कुठून तरी झोपेच्या गोळ्या आणून तिला देणं चालवलं होतं. ती दिवसभर भिंतीला टेकून बसलेली असायची. मी तिला पाहून आले आणि एका बैठकीत ते पत्रक लिहिलं. 'दुःख हा आजार नाही. दुःखाला कारण असतं आणि कारणाला नाव असतं. मनावर गोळ्या देऊन माणसाला गप्प बसवण्याचा हा डाव ओळखा. गोळ्या फेका, प्रश्न विचारा.' बाबांनी ते गुलाबी कागदावर छापलं. आमच्या गल्लीत, जानेफळच्या बाजारात, हिवरा आश्रमच्या फाट्यावर मी ते स्वतः वाटलं. लोकांनी पाठ थोपटली.

माझी चीड खरी होती, हे मी आजही सांगेन. पण चीड खरी असली की तिच्यातून काढलेला निष्कर्षही खराच असतो, असं मला तेव्हा वाटायचं. एका बाईच्या अंगावरचे वळ पाहून मी जगातल्या सगळ्या औषधांवर निकाल देऊन टाकला होता. कुठली गोळी, कशासाठी, कुणी दिलेली, यातलं एक अक्षर मी कुणाला विचारलं नव्हतं.

*

मग तीन वर्षांनी, माघात, मला काहीतरी झालं.

काहीतरी म्हणते, कारण त्याला सुरुवात नव्हती. मी बाबांच्या छापखान्यात प्रुफं वाचायचे. एका पत्रिकेतली 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ही ओळ मी सकाळपासून दुपारपर्यंत वाचत बसले आणि ती ओळ संपेना. केस विंचरायला हात वर करणं म्हणजे विहिरीतून भरलेली बादली ओढण्यासारखं वाटू लागलं. पहाटे चारला डोळे उघडायचे आणि दिवसाची भीती वाटायची. रडू येत असतं तर बरं, असं वाटे. रडूही येत नव्हतं.

मी जशी वाढले होते तसा कारणाचा शोध घेतला. नोकरी गेली नव्हती. कुणी फसवलं नव्हतं. घरात मारझोड नव्हती. भाकरी होती, पुस्तकं होती, मायबाप होते. अन्याय सापडेना, दोषी सापडेना, मागणी सापडेना. निवेदन द्यायचं तर कुणाला द्यायचं? मग पत्रकावर वाढलेल्या मुलीनं एकच निष्कर्ष काढला: कारण नाही म्हणजे दुःख खोटं आहे, आणि दुःख खोटं आहे म्हणजे दोषी मीच आहे. आळशी आहे, कमजोर आहे, फुकटची आहे. कुठल्याही शत्रूवर मी इतकं वाईट पत्रक लिहिलं नव्हतं, जितकं रोज पहाटे मनातल्या मनात स्वतःवर लिहायचे.

फाल्गुनाच्या शेवटी आमच्या गच्चीची पाळी आली. उजाडायच्या आधीपासून माय घाटा हाटत होती. गच्चीवर ओली धोतरं अंथरून कोपऱ्यांवर दगड ठेवलेले. समोरच्या सुशीलाकाकू आल्या होत्या. त्यांच्या हातचा धापोडा चंद्रासारखा गोल आणि इतका पातळ की खालच्या धोतराचा ताणाबाणा दिसावा. शिवणकाम करणाऱ्या नफिसाखाला आल्या होत्या, आणखी चार जणी होत्या. पहिला वाफाळता घाटा वाटीत काढून त्यावर जवसाचं तेल सोडून तो मला द्यायचा, ही मायची माझ्या लहानपणापासूनची रीत. वर्षभर मी त्या वाटीची वाट पाहायचे. त्या दिवशी मी घास तोंडात घातला आणि तोंडात काहीच नव्हतं. माती खाल्ल्यासारखंही नाही. मातीला तरी चव असते.

मी वाटी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. सुशीलाकाकूंनी पाहिलं. त्यांची जीभ त्यांच्या धापोड्याइतकीच पातळ, धारदार.

"हे पाहा बापा," त्या म्हणाल्या, "शिकलेल्या पोरीले दुःख झालं. आमच्या वक्ताले आमाले दुःख करायले टाइमच नव्हता. दोन दिवस माह्या संग वावरात निंदाले चाल, सारं झडून जाते."

"अन् डोकशात पुस्तकं कोंबली की मग असंच होते," दुसरी कुणी म्हणाली. बायका हसल्या. माय हसली नाही.

उन्हं वर आली तशी मी मायच्या जवळ सरकले आणि हळूच विचारलं, कारण तेवढा एक प्रश्न माझ्यात शिल्लक होता. "माय, मी नसली तं काही फरक पडन का?"

तिचा हात पाण्याच्या भांड्यातच थांबला. घाटा शिजला की थांबता येत नाही. तो गरम असतानाच थापावा लागतो, नाहीतर दगड होतो, हे तिला तिच्या मायनं शिकवलेलं. तरी ती उठली. माझा हात धरून जिना उतरली, बाबांना हाक मारली आणि म्हणाली, "छापखाना बंद ठेवा. हिले दवाखान्यात न्या लागते." वर बायका हाका मारत राहिल्या. त्या दिवशी खाली चुलीवर राहिलेला पातेलंभर घाटा थिजला. माझ्या मायनं आयुष्यात वाया घालवलेला तो एकमेव घाटा.

*

सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टर मंगळवारी बसायच्या, आणि नेमका तो मंगळवार होता. बाहेरच्या बाकावर आम्ही सातआठ जण होतो आणि प्रत्येक जण समोरच्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता असा वाचत होता, जणू आपण त्याचसाठी आलोय. बुवाच्या दारात लोक मान वर करून रांग लावतात. इथं मान खाली. मला आज त्या बाकाची आठवण आली की संताप येतो. संताप यायलाही जोर लागतो आणि तेव्हा तो माझ्यात नव्हता.

डॉक्टरीणबाई मायपेक्षा थोड्या लहान, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी झोप विचारली, भूक विचारली, मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारलं. मी खरं सांगितलं. मग त्या लिहू लागल्या तेव्हा मी म्हटलं, "मला गोळी नको. माझ्या दुःखाला सामाजिक कारण असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. "कोणतं?"

"शोधतेय."

"कधीपासून?"

"दोन महिने."

त्यांनी चष्मा खाली घेतला. "मग शोधा की. मी तुमच्या मोर्चाला आडवी येत नाही. पण मोर्चाला जायला अंथरुणातून उठावं लागतं ना? तेवढं आपण आधी बघू."

त्यांनी मायबापांना समोर बसवून सगळं नीट सांगितलं. ही झोपेची गोळी नाही. ही आज घेतली आणि उद्या बरं वाटलं, असं होत नाही. तीनचार आठवडे लागतील. सुरुवातीला मळमळेल, तोंड कोरडं पडेल. हिला एकटी सोडू नका. विचार वाढले तर मंगळवारची वाट न बघता घेऊन या. पंधरा दिवसांनी समुपदेशक ताईंशी बोलायला यायचं. आणि शेवटी, बोटानं टेबलावर ठोकत, "बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करायची नाही. कमी करायची वेळ आली की मी सांगेन, हळूहळू करू."

येताना बसमध्ये बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. फाटा आला तेव्हा म्हणाले, "मीच छापलं व्हतं ते पत्रक." गोळी घेऊन माणूस गप्प होतो, असं मी लिहिलं होतं. मी तर गोळीच्या आधीच गप्प झाले होते.

*

पहिले पंधरा दिवस मळमळ तेवढी खरी होती. बाकी सगळं तसंच. गल्लीत एकेका गच्चीवर धोतरं पसरत होती आणि आमच्या घरी ताटं येत होती. माय ती झाकून ठेवायची. ताटं आली म्हणजे गल्लीनं आमच्या घरात आजारी माणूस आहे हे मान्य केलं होतं, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा मला फक्त लाज वाटायची.

अंगावरचे कपडे सैल झाले होते, म्हणून एका दुपारी मायनं मला नफिसाखालांकडे ब्लाउज आत घ्यायला पाठवलं. खाला मशीनवर होत्या. म्हणाल्या, "बटनाचा डबा दे बेटा, वरचा नाही, खालचा." मी चुकून वरचा उघडला. त्यात गुलाबी कागदाची एक घडी होती. तो गुलाबी मी कुठंही ओळखला असता. उलगडला, तर वर माझी अक्षरं, 'गोळी नको, न्याय द्या', आणि आत गोळ्यांची पट्टी.

मशीन थांबलं. मला वाटलं खाला रागावतील. त्या हसायला लागल्या.

"तुह्या कागदात ठेवल्या तं कोनाले शक नाही येत," त्या म्हणाल्या. "कोनी डबा खोलला तरी कागद पाह्यते अन् समजते, पत्रकवाल्याचं काही हाये. ठेवून देते."

"खाला, तुम्ही... कधीपासून?"

"धाकटी झाली तेव्हापासून. मधात सोडल्या होत्या, मग परत घ्याव्या लागल्या." त्यांनी धागा दातानं तोडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुहा कागद वाचला तेव्हाच सोडल्या होत्या. वाटलं, एवढी शिकलेली पोरगी लिहून राह्यली, खरंच असन. एक महिना. लई बुरा गेला तो महिना. पोरीले पाजायचीही सुध नव्हती मले."

"मला का नाही सांगितलं?"

"तुले बुरा लागला असता." त्यांनी पट्टी घडीत नीट ठेवली, डबा बंद केला. "तू किती दिवसाच्या घेऊन राह्यली?"

"पंधरा."

"मंग आनखी पंधरा थांब. एक दिवस तुले कशाचा तरी राग येईन. तेव्हा समज, लागू पडली."

मी घरी आले तेव्हा माझ्या हातात आत घेतलेला ब्लाउज होता आणि डोक्यात तो एक महिना. मला वाटायचं माझ्या पत्रकानं लोक जागे झाले. माझ्या पत्रकानं एका बाळंतिणीचं औषध बंद केलं होतं.

*

खालांचा अंदाज चारपाच दिवसांनी चुकला, इतकंच. वैशाखाच्या तोंडाशी मायनं घरच्यापुरता थोडा घाटा पुन्हा लावला. तेल सोडलेली वाटी माझ्यासमोर ठेवली आणि पाठ फिरवली. मी खाते की नाही हे बघायचं तिनं सोडलं होतं. मी घास घेतला. म्हटलं, "माय, मीठ कमी हाये."

ती वळली. कलथा तसाच हातात. "काय म्हनली?"

"मीठ कमी पडलं म्हणते. अन् मिरचीही. कोनी केलं हे असं?"

माय खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाबा धावत आले, त्यांना वाटलं काही वाईट झालं. "तिले मीठ कमी लागलं," माय म्हणाली. बाबांनीही चाखलं. "कमीच हाये," ते म्हणाले, आणि त्यांचाही आवाज फुटला. तक्रार हा आमच्या घरचा धर्म. त्या धर्मात मी परत आले होते.

बरं होणं असं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं गोळीनं माणूस उगाच हसरा होत असेल, गुंगीत असेल. तसलं काही झालं नाही. लसणाचा वास आला. पाय जमिनीला टेकले. प्रुफातली ओळ संपली आणि पुढची सुरू झाली. आणि राग आला, खणखणीत, जुना, माझा राग. शाळेच्या एका खोलीचं छप्पर गळत होतं, त्याचं निवेदन मी एका बैठकीत लिहिलं. गोळी राग मारते असं मी लिहिलं होतं. माझा मेलेला राग मला तिनंच परत आणून दिला.

आणि मग मी ती बंद केली.

कारण लाजिरवाणं आहे, पण सांगते. मला बरं वाटत होतं, आणि मनात एक पळवाट दिसत होती. आत्ता थांबले तर म्हणता येईल की दोन महिने थोडी मदत घेतली, बाकी मी स्वतःच उठले. मग माझं पत्रक खोटं ठरणार नाही. कुणाला काही सांगावं लागणार नाही. माझं वाक्य वाचवण्यासाठी मी माझं औषध सोडलं. अडाण्यानं हे केलं नसतं. त्याला छापील तत्त्व नसतं ना सांभाळायला.

त्याच आठवड्यात आभाळ भरून यायला लागलं, म्हणून गच्चीवरचं वाळवण डब्यात भरायचं काम माझ्याकडे आलं. मी वरून हात लावून पाहिलं. कडा कुरकुरीत होत्या. भरून टाकलं, झाकण घट्ट लावलं.

श्रावणात सणाला तळायला मायनं डबा उघडला तेव्हा मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपलेली होते. तिसरा दिवस होता. कुबट वास खोलीपर्यंत आला. या वेळी मला तो आला. मी उठून दारात गेले. मायच्या हातात धापोडा होता, मधोमध हिरवटकाळी बुरशी.

"वरून वाळले व्हते," माय म्हणाली.

एवढंच. डबा कुणी भरला होता हे तिला माहीत होतं. गोळ्यांची पट्टी जिथल्या तिथं, भरलेली, कोनाड्यात पडली आहे, हेही तिनं बहुतेक सकाळीच पाहिलं होतं. तिनं डबा उकिरड्यावर उलटा केला, घासला, उन्हाची तिरीप आली होती तिथं उपडा ठेवला. मग हात पुसत म्हणाली, "मंगळवारी जाऊ."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. "बहुतेक जण इथंच चुकतात," म्हणाल्या. "बरं वाटलं म्हणजे झालं, असं वाटतं. अजून थोडं ऊन लागायचं असतं." माय माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली, तिला वाटलं डॉक्टरीणही धापोडे करत असणार.

*

त्याला आता दीड वर्षाच्या वर झालं. या संक्रांतीपासून डॉक्टरीणबाईंनी गोळी थोडी कमी केली आहे, हळूच, विचारून विचारून. कदाचित पुढे बंद होईल, कदाचित पुन्हा लागेल. मला आता दोन्हीची भीती वाटत नाही. चष्म्याचा नंबर बदलला म्हणून कुणी हरत नाही.

त्या मार खाणाऱ्या बाईला गोळी नको होती, न्याय हवा होता. मला न्याय नको होता, गोळी हवी होती. आणि पुष्कळ माणसांना दोन्ही हवं असतं. एवढंच शिकायला मला इतका वेळ लागला, कारण मी शिकायच्या आधी छापलं होतं.

परवा ज्वारीचा वास आला तशी मी जानेफळला गेले आणि बाबांसमोर कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. 'दुरुस्ती. पाच वर्षांपूर्वी मी या दारात एक गुलाबी पत्रक दिलं होतं. त्यात लिहिलं होतं, गोळ्या फेका. ते चूक होतं. उदासीचा आजार असतो. तो कारण नसतानाही होतो. त्याला औषध आहे, आणि ते औषध मी घेते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, विचारल्याशिवाय सोडू नका. मी सोडलं होतं, पुन्हा आजारी पडले. अन्यायावरचं माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही. माझं पत्रक वाचून ज्यांनी औषध सोडलं त्यांची मी क्षमा मागते.'

"खाली नाव टाकू?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज साधाच होता. पण लग्नं ठरायच्या वयातली मुलगी, गाव एवढंसं, हे त्या प्रश्नात होतं.

"टाका. पूर्ण टाका."

त्यांनी मान डोलावली आणि कागद शोधायला गेले. गुलाबी संपला होता. पिवळा निघाला.

आज आमच्या गच्चीची पाळी होती. खाला आल्या होत्या. सुशीलाकाकू उशिरा आल्या आणि कोपऱ्यातलं धोतर धरून बसल्या. मी पत्रकं घेऊन वर गेले. अर्ध्या गल्लीची दारं तिथंच बसलेली होती, म्हणून म्हटलं इथूनच सुरुवात करावी. एकीपुढे कागद धरला, तर ती कोपरापर्यंत भरलेले हात वर करून म्हणाली, "काय देऊन राह्यली व? हात पाह्य माहे. वाचूनच दाखव तू."

हे मी गृहीत धरलं नव्हतं. कागद दारात सरकवून पुढं जाता येतं. वाचताना उभं राहावं लागतं.

मी वाचलं. 'ते औषध मी घेते' या वाक्यावर माझा आवाज थोडा अडखळला, पुढं सावरला. थापणारे हात चालूच होते; थांबून चालत नाही. पण बोलणं थांबलं होतं. वाचून झालं तेव्हा खाला मोठ्यानं म्हणाल्या, "मीही घेते." आणि थापत राहिल्या. "सहा वर्षांपासून. अन् तुमच्या साऱ्यायचे ब्लाउज मीच शिवते, काही वाकडे गेले का?"

कुणी तरी हसलं. "एक गेला व्हता," दुसरी म्हणाली. "तो तुह्या मापानं गेला," खाला म्हणाल्या. हात पुन्हा झपाझप चालू लागले आणि मायनं मला डोळ्यांनी खूण केली की बस खाली.

मी सुशीलाकाकूंच्या शेजारी बसले, कारण जागा तिथंच होती. तेव्हा पाहिलं. त्यांच्यासमोर तीनच धापोडे होते, जाड, कडा फुटलेले. त्यांच्याकडून निदान एक टोमणा येईल म्हणून मी तयार होते. त्यांनी घाट्याची वाटी माझ्याकडे सरकवली.

"मीठ पाह्य बरं जरा," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "मले दिवाळीपासून कशाचीच चव लागून नाही राह्यली."

मी वाटी हातात घेतली. त्या धोतराकडे बघत होत्या. ओला तळवा कापडावरून पुन्हा पुन्हा फिरवत होत्या, जिथं काहीच थापलेलं नव्हतं.

"त्या डॉक्टरीनबाईचा वार कोनता म्हने?"

"मंगळवार, काकू. सकाळी. मी येते संग."

"तू काऊन? मले काय रस्ता नाही माहीत?" त्यांनी धोतराची सुरकुती ओढून सरळ केली. "ये. बसमधी मले एकटीले मळमळते."

मी बोटानं घाटा चाखला. मीठ बरोबर होतं. तसं त्यांना सांगितलं, हात पाण्यात बुडवला आणि त्यांच्या धोतराच्या रिकाम्या जागेवर थापायला घेतलं.